विरोधी मताची वाट

एकोणतीस वर्षं मी जज एल्डन रॅटलिफ यांच्या दाराबाहेर बसले. चार्ल्स्टनची फेडरल इमारत, पाचवा मजला. माझं नाव वर्ना क्रिस्लिप, त्यांची सेक्रेटरी. आता त्या जागेला काहीतरी लांबलचक नाव दिलंय म्हणे, पण काम तेच. टाइप करायचं, फोन घ्यायचे, नको त्या माणसाला आत सोडायचं नाही आणि तोंड बंद ठेवायचं. चेंबरमधली गोष्ट चेंबरबाहेर जायची नाही, जज मेला तरी नाही. हे त्यांनी मला पहिल्याच दिवशी बजावलं होतं आणि मी ते पाळलं. एकदाच मोडलं. त्या एकदाचंच सांगायला बसलेय, पण आधी माणूस कसा होता ते ऐका.

खाणकामगाराचा पोरगा. बाप बावन्नाव्या वर्षी खोकून खोकून गेला. पोराने हॉटेलात बशा धुतल्या, सैन्यात गेला, सैन्याच्या मदतीवर वकील झाला. सहा वर्षं सरकारी वकील म्हणून लोकांना आत पाठवलं, मग आठ वर्षं खालच्या कोर्टात जज. त्रेपन्नाव्या वर्षी राष्ट्राध्यक्षांनी अपिलाच्या कोर्टावर नेमलं. नेमणूक जन्मभराची. कोणी काढू शकत नाही, निवडणूक नाही, काही नाही. त्या दिवशी त्यांनी काय केलं असेल? घरी जाऊन घेवडा आणि मक्याचा पाव खाल्ला आणि साडेआठला झोपले. मला त्यांच्या बायकोनेच सांगितलं. ती बिचारी नंतर लवकर गेली.

अपिलाच्या कोर्टात साक्षीदार नसतात, ज्यूरी नसते, रडारड नसते. तीन जज बसतात, कागद वाचतात, दोन्हीकडच्या वकिलांना वीस-वीस मिनिटं देतात. मग आतल्या खोलीत जाऊन मत देतात, सगळ्यात नव्या जजने आधी बोलायचं, म्हणजे तो म्हाताऱ्यांच्या दबावाखाली यायला नको. दोघांचं एक झालं की त्यातला एक निकाल लिहितो. तिसऱ्याला पटलं नसेल तर तो आपलं विरोधी मत लिहितो आणि दोन्ही एकत्र बाहेर पडतात. आता हे ‘एकत्र’ लक्षात ठेवा. कायद्यात कुठेही लिहिलेलं नाही की विरोधी मताची वाट बघा. निकाल पुढे पाठवता येतो, मागाहून मत येईल म्हणून. पण आमच्याकडे तसं करणं म्हणजे जेवायला बसलेल्या पाहुण्याच्या पुढचं ताट उचलणं.

जजसाहेबांना तर हे फारच. कारण पहिल्याच वर्षी, नवेकोरे असताना, त्यांनी एका खटल्यात विरोधी मत लिहायला घेतलं आणि अकरा महिने लावले. निकाल लिहिणारा म्हातारा जज गप्प थांबला. एक चिठ्ठी नाही, एक फोन नाही. शेवटी ते मत बाहेर पडलं, दोन वर्षांनी वरच्या कोर्टाने तेच उचलून धरलं आणि रॅटलिफ हे नाव वकिलांच्या तोंडी झालं. त्यांची सगळी कीर्ती त्या अकरा महिन्यांतून आलेली.

‘‘तो माणूस थांबला नसता तर मी घाईघाईत काहीतरी खरडून दिलं असतं, वर्ना,’’ हे मी किमान पन्नासदा ऐकलंय.

‘‘हो, आणि मला ते आता पाठ झालंय,’’ मी म्हणायची.

‘‘मग परत ऐक.’’

असा माणूस. हट्टी, सभ्य, डोकं उठवणारा. स्वल्पविरामावरून माझ्याशी भांडायचा. ऐंशी उलटली, डोळे अधू झाले, तरी काम सोडलं नाही. कोर्ट बसायचं पूर्वेला, पाच तासांवर, तिथवर गाडी मीच चालवायची. वाटेत पेट्रोलपंपावर पेपरोनी घातलेले पाव घ्यायचे आणि साहेब कागद मांडीवर घेऊन मला प्रश्न विचारायचे. मला त्यातलं काय कळतंय! पण बोलत राहिलं की त्यांना सुचायचं.

ड्वेन स्टर्गिलचा खटला जानेवारीत आला. लोगनकडचा माणूस. बावीस वर्षांपूर्वी त्याच्या घराला आग लागली, बायको आत होती. सरकार म्हणालं, यानेच लावली. जन्मठेप. चौदा वर्षांनी कोणालातरी सरकारी वकिलाच्या फायलीत एक कागद सापडला. आगीची तपासणी करणाऱ्या माणसाचा पहिल्या दिवशीचा अहवाल, की आग भिंतीतल्या हीटरच्या मागून सुरू झालेली दिसते. तो कागद ड्वेनच्या वकिलाला कधी दाखवलाच नव्हता. पुढचा अहवाल वेगळा आला आणि पहिला गायब. खालच्या कोर्टाने म्हटलं, दाखवला असता तरी काही फरक पडला नसता. त्यावर हे अपील.

सुनावणीला ड्वेनची आई ओपल बसने आली होती. चर्चला घालायचा निळा कोट, मांडीवर पर्स दोन्ही हातांनी धरलेली, शेवटच्या बाकावर. मी तिच्या दोन जागा सोडून बसले होते म्हणून मला ती आठवते. साहेबांनी त्या दिवशी ड्वेनच्या वकिलाला अक्षरशः सोलून काढलं. ‘‘हा कागद तुम्हाला आधी का सापडला नाही? हीटरचं काय, उगाच अंदाज! ज्यूरीने याला भाव दिला असता असं तुम्हाला कशावरून वाटतं?’’ तो पोरगेला वकील घामाघूम झाला. सरकारी वकिलाला मात्र एकच प्रश्न, तोही गोड आवाजात. ओपलचा चेहरा उतरला तो मी बघितला. तिला कोण सांगणार की साहेब ज्याच्या बाजूने लिहिणार असतील त्यालाच जास्त छळतात, म्हणजे लिहिताना कुठे भोक राहायला नको? माझी जीभ वळवळली, पण मी समोर बघत बसले.

परत येताना गाडीत म्हणाले, ‘‘माणूस सुटायला हवा, वर्ना.’’

‘‘मग सोडा की.’’

‘‘दोन-एक झालंय. जज मर्सर माझ्याबरोबर आहे. जज वेनराइट विरोधी लिहील. निकाल मी लिहितोय.’’

मार्चच्या मध्यावर एक्केचाळीस पानं तयार झाली. साहेब बोलायचे, मी टाइप करायची, मी वाचून दाखवायची. शेवटच्या पानावर लिहिलं होतं की शिक्षा रद्द, पुन्हा खटला चालवा नाहीतर सोडून द्या. तो कागद हातात असताना त्याच्यावर खटला कोण भरणार होतं? सुटलाच असता. मर्सरबाईंचं उत्तर दोन दिवसांत आलं, ‘मी सहमत.’ वेनराइटसाहेबांचं आलं, ‘मी विरोधी मत लिहीत आहे.’

एप्रिल गेला. मे गेला.

ओपल दर सोमवारी नऊला फोन करायची. खरं तर तिने कोर्टाच्या मुख्य कार्यालयात, जिथून निकाल जाहीर होतात तिथे, करायला हवा होता, पण तिला कुठूनतरी आमचा नंबर मिळाला होता.

‘‘बाई, काही आलं का गं?’’

‘‘मिसेस स्टर्गिल, मला काही सांगता येत नाही.’’

‘‘ते कळतं मला. पण आलं असतं तर सांगितलं असतंस ना?’’

‘‘आलं असतं तर तुमच्या वकिलाला कळलं असतं.’’

‘‘बरं. साहेबांची तब्येत बरी आहे ना?’’ दर वेळी विचारायची. ज्या माणसाने आपल्या वकिलाची सालं काढली त्याच्या तब्येतीची चौकशी! मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. एक्केचाळीस पानं माझ्या हातभर अंतरावर, कपाटात.

जूनमध्ये मी साहेबांवर उखडले. ‘‘पाठवून द्या ना आता! वेनराइटसाहेबांचं येईल तेव्हा येईल. तो माणूस आत सडतोय.’’

‘‘बावीस वर्षं थांबलाय.’’

‘‘म्हणून आणखी थांबायचं? हे काय बोलणं झालं!’’

त्यांनी चष्मा काढला. वाईट वाटलं होतं त्यांना, दिसत होतं. ‘‘ऐक. वेनराइट हुशार आहे. त्याचं मत वाचून मला माझ्यात काही चूक दिसली तर? घाईने पाठवलेला निकाल वर जाऊन पडला तर ड्वेन कायमचा आत. मी त्याच्यासाठीच थांबतोय.’’

‘‘आणि थोडं वेनराइटसाहेबांसाठी.’’

‘‘थोडं त्याच्यासाठीही,’’ म्हणाले. खोटं बोलायची सवय नव्हती.

‘‘निदान एक फोन तरी करा त्यांना.’’

‘‘मला कोणी केला होता?’’

मी हात टेकले. टेबलावर जाऊन इतक्या जोरात टाइप केलं की आतून आवाज आला, ‘‘मशीन सरकारचं आहे, वर्ना!’’

ऑगस्ट, सप्टेंबर. मी वेनराइटसाहेबांना मनातल्या मनात काय काय म्हटलं ते इथे सांगत नाही. त्यांची बायको त्या उन्हाळ्यात आजारी होती आणि ते तिच्या उशाशी बसून हाताने लिहीत होते, हे मला फार नंतर कळलं. घातलेल्या शिव्या घातल्या गेल्या. ऑक्टोबरात साहेबांच्या छातीत दुखायला लागलं. हॉस्पिटलमध्ये ठेवलं, घरी सोडलं, परत ठेवलं. त्यांची मुलगी लिडिया आली ओहायोहून.

आता एक नियम सांगते, तो मला तेव्हाही माहीत होता आणि साहेबांनाही. निकाल बाहेर पडायच्या क्षणी जज जिवंत असायला हवा. आधी मत दिलं, लिहिलं, सही केली, सगळं व्यर्थ. मेलेल्या माणसाचं मत मोजत नाहीत. जजची नेमणूक जन्मभराची असते, मेल्यानंतरची नाही. मी हॉस्पिटलमध्ये लिडिया बाहेर गेल्यावर हे स्पष्ट बोलून दाखवलं. लाज सोडून.

‘‘मला माहीत आहे, वर्ना,’’ म्हणाले. ‘‘मी इतक्यात जात नाहीये.’’

‘‘हे तुम्ही ठरवणार का?’’

‘‘शुक्रवारी देतो म्हणालाय वेनराइट.’’

‘‘म्हणजे फोन केलात?’’

‘‘त्यानेच केला. माफी मागत होता. मी म्हटलं, सावकाश होऊ दे.’’

सावकाश होऊ दे! मी खिडकीकडे तोंड करून उभी राहिले, नाहीतर आजारी माणसाला काहीतरी बोलून बसले असते.

आणि खरंच, नोव्हेंबरातल्या त्या शुक्रवारी दुपारी दोनला विरोधी मत आलं. सव्वीस पानं. मी ती धावत हॉस्पिटलमध्ये नेली, पलंगाशी बसून वाचून दाखवली. साहेब डोळे मिटून ऐकत होते. संपल्यावर म्हणाले, ‘‘चांगलं लिहिलंय. चूक आहे, पण चांगलं लिहिलंय.’’

‘‘मग आज पाठवू? कार्यालय पाचपर्यंत उघडं आहे.’’

‘‘अकराव्या पानावर त्याने हीटरच्या तारांबद्दल म्हटलंय त्याला दोन ओळींचं उत्तर द्यायला हवं. तळटीप. उत्तर नाही दिलं तर वरच्या कोर्टात तेच पकडतील.’’

‘‘आत्ता सांगा, मी लिहून घेते.’’

‘‘आत्ता डोकं चालत नाही गं. मला झोपू दे. मंगळवारी पाठवू.’’

सोमवारी त्यांनी तळटीप सांगितली. दोन ओळी सांगायला पाऊण तास लागला, आवाज इतका बारीक झाला होता. सोमवारची सुट्टी होती, माजी सैनिकांच्या सन्मानाची, मुख्य कार्यालय बंद. मी टाइप केलं, वाचून दाखवलं. साहेबांनी मान डोलावली. ‘‘उद्या उघडताच पाठव,’’ म्हणाले.

मंगळवारी मी साडेसातलाच ऑफिसात. सगळं जोडून ठेवलं, निकाल, तळटीप, विरोधी मत. साडेआठला कार्यालय उघडायचं. आठ वाजून एकोणीस मिनिटांनी फोन वाजला. लिडिया.

‘‘वर्ना... बाबा गेले. आत्ताच. आठ वाजून दहा मिनिटांनी. अजून कोणालाच कळवलं नाहीये. आधी तुला म्हटलं.’’

मी तिला काय म्हटलं मला आठवत नाही. फोन ठेवला आणि पडद्याकडे बघत बसले. एक बटण. निकाल साडेआठला पोहोचला असता, नऊला जाहीर झाला असता, तारीख आजचीच. त्याच दिवशी जज वारले, एवढंच लोक म्हणाले असते. वेळ कोण विचारतंय! लिडियाला नियम माहीत नव्हता, माहीत असता तरी ती बोलली नसती. अकरा मिनिटं मी हात मांडीवर ठेवून बसले. ज्या माणसाने एकोणतीस वर्षं मला एक तारीखसुद्धा मागेपुढे करू दिली नाही, त्याच्या नावाने मी त्याच्याच शेवटच्या निकालावर खोटी वेळ घालायची? त्यांना आवडलं नसतं. असं मी तेव्हा स्वतःला सांगितलं. आता वाटतं, मी घाबरले होते. माझी पेन्शन, माझं नाव, माझं काय काय. साडेआठ वाजले आणि मी मुख्य न्यायाधीशांच्या ऑफिसला फोन करून सांगितलं की जज रॅटलिफ आठ वाजून दहा मिनिटांनी वारले.

उरले दोन जज. एक इकडे, एक तिकडे. समसमान झालं की खालच्या कोर्टाचा निकाल कायम. डिसेंबरात एका वाक्याचा आदेश निघाला. कोण कोणत्या बाजूला होतं तेही त्यात लिहीत नाहीत. ड्वेनच्या वकिलाने सगळ्या जजांपुढे अर्ज केला, नामंजूर. वरच्या कोर्टात गेला, तिथून एका ओळीत नकार. एक्केचाळीस पानं मी नियमाप्रमाणे खोक्यात भरून दिली आणि सोमवारचे फोन बंद झाले.

एप्रिलमध्ये साहेबांचं तैलचित्र लावायचा कार्यक्रम झाला. आमच्याकडे तशी पद्धत आहे, कोर्टाच्या भिंतीवर चित्र लावतात, भाषणं होतात. चित्रकाराने त्यांना तरुण आणि मवाळ काढलं होतं, मला काही ओळखू आले नाहीत. वेनराइटसाहेब बोलायला उठले. वाळून गेले होते, बायको जानेवारीत वारली होती. म्हणाले, ‘‘गेल्या वर्षी मी फार अडचणीत होतो आणि एका खटल्यात मला लिहायला आठ महिने लागले. एल्डनने मला एकदाही घाई केली नाही. असा सभ्य माणूस आता होणे नाही.’’ लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्यांचे डोळे भरून आले होते. माझ्या अंगाचा तिळपापड झाला आणि तरी त्यांची कीवही आली, दोन्ही एकदम.

मागच्या रांगेत निळा कोट दिसला. ओपल. वर्तमानपत्रात वाचून आली होती. कार्यक्रम झाल्यावर शेजारच्या खोलीत केक आणि सरबत होतं, तिथे ती कागदी बशी धरून भिंतीशी उभी. मला बघून पुढे आली.

‘‘तूच ना गं फोनवरची? आवाजावरून वाटलंच.’’

‘‘हो. वर्ना.’’

‘‘मी उगाच नाही आले हं. मला एक काम पुरं करायचं होतं.’’ तिने बशी खाली ठेवली. ‘‘त्यांनी आमच्या विरोधात मत दिलं ना, त्याबद्दल मी त्यांना माफ केलंय. सोपं नव्हतं. त्या दिवशी त्यांनी आमच्या वकिलाला कसं झापलं ते बघितल्यापासून मनात राग होता माझ्या. फोनवर तब्येत विचारायची, पण राग होता. ते गेल्यावर दर रविवारी त्यासाठीच प्रार्थना केली. आता गेला. त्यांच्या मुलीला सांगशील?’’

इथे मी तोंड बंद ठेवायला हवं होतं. तिला शांती मिळाली होती, ती तिच्याजवळ राहू द्यायची. पण साहेबांच्या चित्राच्या कार्यक्रमाला येऊन कोणीतरी त्यांना ड्वेनच्या विरोधातला समजावं, हे मला सहन झालं नाही. मी तिच्यासाठी बोलले नाही. साहेबांसाठी बोलले.

‘‘ते विरोधात नव्हते,’’ मी म्हटलं. ‘‘त्यांनी ड्वेनच्या बाजूने निकाल लिहिला होता. एक्केचाळीस पानं. शिक्षा रद्द. मीच टाइप केलाय.’’

‘‘कधी?’’

‘‘गेल्या मार्चमध्ये.’’

‘‘ते तर नोव्हेंबरात गेले.’’

‘‘हो.’’

‘‘मग मार्चपासून नोव्हेंबरपर्यंत काय करत होतात तुम्ही लोक?’’

‘‘दुसऱ्या जजच्या विरोधी मताची वाट बघत होतो. तशी पद्धत आहे.’’

‘‘कायदा आहे?’’

‘‘नाही. पद्धत.’’

तिने वळून खोलीच्या दुसऱ्या टोकाला बघितलं. वेनराइटसाहेब कोणाशीतरी हळू आवाजात बोलत होते. ‘‘आठ महिने,’’ ती म्हणाली. ‘‘घाई केली नाही म्हणाला तो. तो आमचाच होता तर खटला?’’

मी होकाराची मान हलवली. अकरा मिनिटांचं मात्र माझ्या तोंडून निघालं नाही. तिथवर माझी हिंमत पोहोचली नाही.

तिने कोटाची बटणं लावायला घेतली. वरचं बटण लागेना. मी मदत करायला गेले तर तिने माझा हात बाजूला सारला, जोरात नाही.

‘‘विरोधात होते तर माफ करता येत होतं मला,’’ ती म्हणाली. ‘‘माणसाला वाटलं तसं वाटलं. पण माझा मुलगा निर्दोष आहे हे ज्याला कळलं होतं, तो आठ महिने कागद कपाटात ठेवून बसला, दुसऱ्याला वाईट वाटू नये म्हणून. हे कसं माफ करू, सांग. कशाला सांगितलंस मला?’’

‘‘मला वाटलं...’’

‘‘शनिवारी भेटीला जायचंय. त्याला सांगू हे? सांगितलं तर काय होईल त्याचं आत? आणि नाही सांगितलं तर समोर बसून दोन तास बोलू काय त्याच्याशी?’’

तिने पर्स उचलली आणि पाचची बस आहे म्हणून निघून गेली. मी तिची बशी उचलून कचऱ्यात टाकली आणि कोर्टात चित्रापाशी थांबलेल्या लिडियाला भेटायला आत गेले.